अडकलेल्या वीस कनेक्शनांची बखर

आज्ञा जाहली की, सलून-सर्व्हरावर शनिवारी जे युद्ध जाहले त्याचे साद्यंत वर्तमान लेखी असावे, मागाहून येणारांस कळावे, आणि लिहिणाराने पदरचे मीठमिरची लावू नये. त्यास, लावली आहे. कारण ती वजा करिता या मोहिमेत एक बटण, एक भिंतीवरचा पडदा आणि छातीभर पाण्यात उभा एक मनुष्य इतकाच ऐवज शिल्लक राहतो, आणि तेवढ्यावर बखर उभी राहत नाही. वाचणारांनी रागास येऊ नये. ज्यांस रागास येण्याची सवयच आहे त्यांणी आधी चहा घ्यावा आणि मग यावे.

प्रथम राज्याचा विस्तार. टायरच्या दुकानावर दुसरे मजल्यास, जिन्यात रबराचा वास आणि लिफ्टीवर 'बंद आहे' ऐशी जुनी पाटी, तेथे मालकसाहेबांची कचेरी. शहरातील झाडून साऱ्या सलूनांच्या खुर्च्या या कचेरीच्या अमलाखाली. ज्या कोणास केस कापणे, दाढी करणे, कलप लावणे असेल त्याने आमच्या साइटवर जाऊन वेळ राखावी, मग त्यास मेसेज जावा की अमुक वाजता अमुक खुर्ची आपली, आणि मग त्याने निर्धास्त मान पुढे करावी, ऐसा कारभार. मालकसाहेब स्वतः मोठे मातबर, मनाचे उदार, पगारवाढीचा विषय निघता किंचित बहिरे. त्यांचे पदरी सर्व्हर सांभाळणारा एक इमानी मनुष्य, त्यास सारी कचेरी किल्लेदार म्हणे. दुसरे ज्यांणी साइट लिहिली ते प्रोग्रामर. वय चाळिशीचे, परंतु डोईवर एक केस नाही, सबब त्यांस आजोबा म्हणत. सलूनची साइट ज्याने लिहिली त्यास सलूनची गरज उभ्या जन्मात पडली नाही, त्यामुळे त्याने ती गिऱ्हाईक होऊन कधी वापरिली नाही, ही गोष्ट वाचणारांनी ध्यानी धरावी. तिसऱ्या फोनवाल्या ताई. गिऱ्हाइकांच्या शिव्या प्रथम यांचे कानी पडत आणि मग यांचे तोंडून, थोडी भर पडोन, इतरांचे कानी. बाकी मंडळी पुष्कळ, परंतु युद्धसमयी ती डबे खात होती, म्हणोन त्यांची नावनिशी नाही.

या कचेरीचा एक रिवाज होता. फोन आपण आधी ठेवावयाचा नाही. समोरच्याने 'ठेवतो' म्हणावे, खरोखर ठेवावे, आवाज बंद व्हावा, मग आपण ठेवावे. नोकरीस लागणारास पहिले दिवशी बसावयाची खुर्ची मागाहून मिळे, हा हुकूम आधी मिळे. गिऱ्हाईक यावर फार संतुष्ट. परंतु कचेरीतल्याच दोघांनी एकमेकांस फोन लाविला की पंचाईत होई, कारण दोघेही कायद्याने बांधलेले. एकदा हिशेबनीस आणि फोनवाल्या ताई यांचे बोलणे 'ठेव', 'छे, तुम्ही ठेवा' यावर येऊन अडकले, आणि दोघे दोन टेबलांवर पाठीस पाठ लावोन, कानास फोन धरोन, बॅटरी संपेतो बसली होती. मालकसाहेबांनी हे पाहोन दोघांस शाबासकी दिली.

आता कनेक्शन म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक असेल त्याने हे कलम ओलांडोन जावे. वेब सर्व्हर म्हणजे दरवाजा. गिऱ्हाईक येते ते दरवाजाशी. कोणती खुर्ची कधी मोकळी याचे दप्तर दरवाजाशी नाही, ते आत डेटाबेस नामे दप्तरखान्यात. मग दरवाजाने दप्तरखान्यास फोन लावावा, पुसावे, उत्तर घ्यावे, नोंद करवावी आणि फोन जागेवर ठेवावा. हा जो आतला फोन, तेच कनेक्शन. दर गिऱ्हाइकास नवी तार जोडणे वेळखाऊ, म्हणोन ऐशी वीस कनेक्शने सदैव जोडोन ठेविली होती. गिऱ्हाईक आले की एक उचलावे आणि काम होताच ठेवावे, की ते दुसऱ्याचे उपयोगी पडावे. ऐसे केल्यास वीस कनेक्शने अवघ्या शहराची दाढी सहज उरकीत. परंतु उचललेले जर ठेविलेच नाही, तर वीस गिऱ्हाइके जाऊन एकविसावे जे येते त्यास पडद्यावर एक वाटोळे चक्र फिरताना दिसते, आणि ते फिरते, आणि आणखी फिरते, आणि मनुष्य हनुवटी खाजवीत बसतो.

हे चक्र, हाच गनीम. इतर वारी तो दबा धरोन राही आणि शनिवारी दुपार उतरली, शहरातील सर्वांस एकदमच आपले केस वाढल्याचे ध्यानी आले, की चाल करोन येई. साइट ढिम्म होई. सलूनांत दोन दोन माणसे एकाच खुर्चीवर हक्क सांगत, फोनवाल्या ताईंचे टेबल घणघणो लागे, आणि मग किल्लेदारास फोन जाई. त्याने सर्व्हर रिस्टार्ट करावा, म्हणजे त्याचे प्राण काढोन पुन्हा घालावे, की सर्व कनेक्शने तुटोन नव्याने जुळत आणि कारभार घटका दोन घटका चाले. मग पुन्हा तेच.

हा रिस्टार्ट किल्लेदारास आपले फोनावरून करिता येई, आणि हेच त्या बिचाऱ्याचे दुर्दैव. येत नसता तर मनुष्य सुखी होता. त्याने सिनेमात रिस्टार्ट केला. दातांच्या डॉक्टरांकडे तोंडात नळी असता केला. एका मयतीस, डोळे पुसण्याच्या मिषाने रुमालाखाली केला, आणि कोणी जवळच्या नातलगाने त्याचे खांद्यावर हात ठेवोन त्याचेच सांत्वन केले. ऐशी दोन वर्षे लोटली. फोन त्याच्या हातास जणू उगवलाच होता.

किल्लेदारास एक कन्या, वय वर्षे आठ. पाण्यास पाहताच टुणकन उडी मारी म्हणोन घरात तिला बेडकी म्हणत. उडी मारल्यावर पुढे काय करावे हे मात्र तिला येत नसे. तिला पोहण्याच्या तलावावर शिकावयास घातले होते. तेथील पहिल्या परीक्षेचा कायदा ऐसा की, पोराने तलावाची रुंदी ओलांडावी, आई अथवा बाप यांपैकी एकाने पाण्यात संगती असावे, निम्म्या वाटेपर्यंत पोटाखाली हात चालेल, पुढे पोर एकटे. मातोश्री दवाखान्यात नर्स, शनिवारी पाळी पक्की. तेव्हा हे काम तीर्थरूपांकडे. आणि परीक्षा शनिवारी, गनीम येतो त्याच समयी.

मागील परीक्षेस काय घडले ते लिहिताना लेखणी जड होते, परंतु लिहितो. किल्लेदार पाण्यात उतरला, परंतु फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालोन काठावर ठेविला होता. निम्मी वाट होण्यापूर्वीच तो वाजला. त्याने लेकीच्या पोटाखालचा हात काढिला, काठ गाठिला आणि ओल्या बोटांनी रिस्टार्ट केला. मागे बेडकी पाणी प्याली, खोकली, आणि प्रशिक्षकबाईंनी तिला दंडास धरोन वर ओढिले. किल्लेदार वळोन पाहतो तो ती काठावर बसलेली, टॉवेलात गुंडाळलेली, रडत नव्हती, नुसती त्याच्याकडे पाहत होती. ती रडती तर बरे होते, ऐसे तो पुढे पुष्कळ दिवस पत्नीस सांगे. मग दुसरी परीक्षा नेमली गेली, आणि बेडकीने जेवणाच्या टेबलावर फर्मान काढिले.

"बाबा, तू पाण्यात पाहिजेस. फोन नको. फोन आणलास तर मी उतरणारच नाही, आणि मग मोठी झाले तरी मला पोहता येणार नाही, आणि ते तुझ्यामुळे."

ऐसे कलमवार फर्मान मोठमोठ्या दरबारांतही निघत नाही. किल्लेदाराने मान डोलाविली, घास तसाच गिळिला आणि परीक्षेपूर्वी गनिमाचा निकाल लावावयाचा ऐसा निश्चय केला. हाताशी दोन शनिवार होते. तिसरा परीक्षेचा.

मग मसलत बसली. मालकसाहेबांस रजेची अर्जी गेली, त्यांणी तात्काळ मंजूर केली: "जा की, कोण नको म्हणतंय? फक्त फोन चालू ठेव." किल्लेदाराने हात टेकले. मग आजोबांस पुसले की उपाय काय. आजोबांनी टकलावरून हात फिरविला आणि सल्ला दिला की वीस कनेक्शने पुरत नाहीत तर दोनशे करावी, येवढा विचार कशाला. गोष्ट सर्वांस पटली. जी गोष्ट सर्वांस लगेच पटते तिची लिहिणारास धास्ती वाटते, परंतु त्यास कोणी पुसले नाही.

पहिला शनिवार. दोनशे कनेक्शने खडी केली. दुपार उतरली, गनीम आला, आणि वीस जाऊन चाळीस, चाळीस जाऊन शंभर कनेक्शने अडकली तरी साइट चालतच होती. कचेरीत टाळ्या जाहल्या, आजोबांनी कॉफी मागविली. परंतु दप्तरखाना एक आणि त्याच्या कानाशी फोन दोनशे. प्रत्येकासाठी त्यास थोडी थोडी जागा राखणे प्राप्त. मग त्याची सारी स्मरणशक्ती फोन धरण्यातच खर्ची पडली आणि कॉफी येण्यापूर्वी खासा डेटाबेसच आडवा जाहला. एरवी दरवाजा तुंबे, आज कोठारच बसले. सर्व सलूनांच्या सर्व खुर्च्या एकदम अंतर्धान पावल्या. एका सलूनात अर्धी मिशी उतरलेला एक मनुष्य उठोन उभा राहिला आणि पुढल्या गिऱ्हाइकाशी हातघाईवर आला. किल्लेदाराने वीसचा जुना बंदोबस्त पुन्हा लाविला. कॉफी गार जाहली ती कोणी प्याले नाही.

दुसरा शनिवार. आता किल्लेदाराने आपले डोके चालविले, आणि घाबरलेला मनुष्य चालवितो तैसेच चालविले. रिस्टार्ट जर करणेच आहे तर तो आपोआप, ठराविक वेळाने होत राहावा, मनुष्याची गरज काय, ऐशी तजवीज केली. गनीम येण्यापूर्वीच सर्व्हर स्वतःचे प्राण काढी आणि घाली. चक्र दिसेनासे जाहले. परंतु जो कोणी नेमका त्याच क्षणी वेळ राखीत असे त्याचे काम मधोमध तुटे. त्यास कळेना की जाहले की नाही, मग तो पुन्हा राखी, आणि पुन्हा. एका गृहस्थाचे नावे तीन सलूनांत तीन खुर्च्या लागल्या, आणि एका आजीबाईंस, ज्यांणी केवळ वेणीची टोके कापावयास सांगितली होती, त्यांस 'दाढी आणि मालिश' ऐसा मेसेज पोचला. त्यांचा फोन फोनवाल्या ताईंनी घेतला. रिवाजाप्रमाणे आजीबाई ठेवीतो ताईंनी ठेविला नाही, आणि आजीबाईंस ठेवण्याची घाई नव्हती.

मग ताई उठोन किल्लेदाराचे टेबलाशी आल्या. "हे बघ, भाऊ, एक तर तुझा सर्व्हर नीट कर, नाहीतर माझे कान तरी बदलून दे. माझ्याच्यानं आता होत नाही." किल्लेदाराने आपोआप रिस्टार्टही बंद केला. दोन शनिवार गेले, दोन लढाया हरल्या, आणि घरी बेडकी बिछान्यावर पालथी पडोन पाय मारण्याचा सराव करीत होती.

शेवटला शुक्रवार. आता इतके शाबीत होते की कनेक्शने उचलली जातात आणि ठेविली जात नाहीत. परंतु ती धरोन कोण बसतो? किल्लेदाराने मागील एका शनिवारचा वीसांचा हालहवाल पडद्यावर काढिला तो वीसांपुढे एकच शेरा: जागा आहे, काही करीत नाही. अजब वाटोन तो शोध करू लागला. शनिवारी गिऱ्हाइकांस मेसेज उशिरा जात, हे त्याचे ध्यानी होते. म्हणोन त्याने मेसेज पाठविणाऱ्या कंपनीस फोन लाविला की विलंब का. पलीकडचा कारकून म्हणाला, "एक मिनिट हां, बघून सांगतो," आणि त्याने फोन टेबलावर आडवा ठेविला. मग किल्लेदाराचे कानी पंखा फिरल्याचा आवाज आला, आणि कोणी खुर्ची सरकविली, आणि कोणी चहात साखर ढवळिली, आणि कोणी दुसऱ्या कोणास नव्या बुटांची तारीफ सांगितली. कारकून काही परत आला नाही. किल्लेदार कचेरीच्या रिवाजात वाढलेला, समोरच्याने ठेविल्यावाचून ठेवणे त्यास ठाऊक नाही. तो कानास फोन धरोन बसला, दुसऱ्या हाताने काही काम करावे तेही सुचेना. अखेर पलीकडे कोणी तो फोन पडलेला पाहिला आणि उचलोन बंद केला.

तो बंद होताच किल्लेदाराचा फोन वाजला. बेडकी.

"किती वेळ बिझी लागतोय तुझा फोन! कुणाशी बोलत होतास?"

"कुणाशीच नाही," किल्लेदार म्हणाला.

"मग बिझी कसा?"

यावर त्याने पडद्याकडे पाहिले. वीस कनेक्शने, वीसही बिझी, कोणाशीच बोलत नाहीत. "बेडके, तू फार हुशार आहेस," ऐसे तो बोलिला, आणि ती म्हणाली की ते तिला माहीत आहे, निळी टोपी कोठे ठेविली तेवढे सांग.

मग तो तडक आजोबांचे टेबलाशी गेला आणि जाबसाल जाहला. आजोबांनी न डगमगता, किंबहुना छाती फुगवोन, कबूल केले. गिऱ्हाइकाने वेळ राखिली की सर्व्हर कनेक्शन उचलतो, नोंद सांगतो, आणि ते हातातच धरोन मेसेजवाल्या कंपनीस मेसेज देतो, आणि 'पोचला' ऐसे उत्तर येईतो थांबतो. मेसेजवाले शनिवारी उत्तर उशिरा देतात, कधी देतच नाहीत. तरी तो धरोनच. डेटाबेसही आपण होऊन ठेवीत नाही, कारण त्यासही तैसेच बजाविलेले. दोघे शिष्टाचाराचे पुतळे, एकमेकांची वाट पाहत.

"सरांचा नियम आहे, बाबा," आजोबा म्हणाले. "समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचं नाही. मी शब्दशः लिहिलाय. एवढा काटेकोर कोड दाखव तू मला दुसरा."

काटेकोर खराच. जो रिवाज माणसांसाठी केला तो या सत्पुरुषाने यंत्रांसही शिकविला. दुसऱ्या कोणत्या कचेरीत ही चूक जाहली नसती, कारण दुसऱ्या कोणत्या कचेरीत येवढी सभ्यता नाही.

किल्लेदाराने बदल मांडिला. नोंद होताच कनेक्शन तत्काळ ठेवावे. मेसेज नंतर, रिकाम्या हाताने पाठवावा. आणि इतके करोनही जे कनेक्शन अर्धा मिनिट मुके राहील ते बेलाशक तोडावे. आजोबा दचकले. म्हणाले की लिहिण्यास पाच मिनिटे लागतील, परंतु सरांच्या हुकुमाविरुद्ध एक ओळ लिहिणार नाही. मग दोघे मालकसाहेबांचे दालनात दाखल जाहले.

मालकसाहेबांनी सर्व ऐकोन घेतले आणि त्यांचे कपाळी आठ्या पडल्या. "आपण आधी फोन ठेवायचा? आपल्या कंपनीत?"

"सर, हा गिऱ्हाइकाचा फोन नाही. आपलंच मशीन आपल्याच मशीनशी बोलतंय."

"मग घरच्यांशी कसंही वागायचं का?" मालकसाहेब उठोन खिडकीशी गेले आणि मग मूळ कारण त्यांणी प्रथमच सांगितले. कंपनी नवी होती, गिऱ्हाईक एकही नव्हते, एका सलूनवाल्याने नाही म्हटले, 'ठेवतो' म्हटले, आणि ठेविला नाही. मालकसाहेबही थांबले, ठेवण्याचे त्यांचे धाडस होईना. मग तो पलीकडोन म्हणाला की अहो, माझ्या भावाचीही तीन सलूने आहेत, त्याला विचारून पाहा. त्या तीन सलूनांवर आजचे राज्य उभे राहिले. "मी ठेवला असता तर आज तुम्ही दोघं कुठे असता?" ऐसे म्हणोन त्यांणी डोळे टिपले, आणि आजोबांनीही टिपले.

किल्लेदाराचे डोळ्यांपुढे निळी टोपी होती. "सर, माणूस थांबतो, कारण त्याला अजून काहीतरी सांगायचं असतं. तिथं थांबायलाच पाहिजे. पण मशीनचं सांगून झालेलं असतं. ते नुसतंच धरून बसतं, आणि बाहेर रांग लागते."

खाली दुकानात कोणी टायरात हवा भरीत होते, तो आवाज येत राहिला. मालकसाहेबांनी पुसले की मेसेज गेलाच नाही तर. किल्लेदार म्हणाला की पुन्हा पाठवू, नोंद जाहलेली आहे, खुर्ची कोठे पळोन जात नाही. मग हुकूम सुटला: माणसांशी रिवाज कायम, यंत्रांस सूट. आजोबांनी तेथेच उभ्याउभ्या लिहावयास घेतले.

"करा उद्या चालू. पण तू फोन जवळ ठेव," मालकसाहेब म्हणाले.

"नाही ठेवणार, सर."

हे तीन शब्द किल्लेदाराने कैसे उच्चारिले हे त्याचे त्यासही ठाऊक नाही. आजोबांची लेखणी, म्हणजे बोटे, जागीच थबकली.

"पडला तर?"

"तर तुम्ही रिस्टार्ट करा. एकच बटण आहे. लाल आहे. मी दाखवून जातो."

मालकसाहेबांनी त्याचे तोंडाकडे पाहिले, मग टेबलावरच्या आपल्या नातवंडांच्या तसबिरीकडे पाहिले, आणि म्हणाले, "दाखव."

तिसरा शनिवार. खासा मालकसाहेब चौकीवर बसले, समोर लाल बटण, भिंतीवरच्या पडद्यावर आकडा: किती कनेक्शने उचललेली. डाव्या हातास फोनवाल्या ताई, उजव्यास आजोबा, ज्यांणी सकाळपासोन काही खाल्ले नव्हते. दुपार उतरली आणि शहराचे केस वाढले. गिऱ्हाइकांचे लोंढे दरवाजावर आदळो लागले. आकडा पाच जाहला, तीन जाहला, आठ जाहला, पुन्हा चार. कनेक्शन उचलले जाई आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तो ठेविले जाई. मग मेसेजवाले नेहमीप्रमाणे झोपी गेले. हाच तो समय, आणि राखलेली वेळ रद्द करणारांच्या वाटेवर आजोबांकडोन जुना रिवाज चुकोन तैसाच राहिला होता. आकडा बारावर गेला, सोळावर गेला, आणि एकाएकी एकोणीस. आजोबांनी डोळे मिटोन घेतले. मालकसाहेबांचे बोट बटणाकडे निघाले, तो ताईंनी त्यांचा हात वरचेवर धरिला.

"सर, थांबा. तुम्हीच म्हणता ना नेहमी, थांबावं म्हणून?"

मालकाचा हात धरावा ऐसे त्या कचेरीत पूर्वी घडले नव्हते. मालकसाहेब थांबले. थांबण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, ते त्यांचे सारे आयुष्य. पडद्यावर एकोणीस तैसेच उभे, आणि मग अर्ध्या मिनिटाचे कलम लागू जाहले आणि जी मुकी बसली होती ती एकामागोन एक तुटली, आणि आकडा अकरा, सहा, दोन. मेसेजवाले अद्याप झोपेतच होते, परंतु आता त्यांच्या झोपेशी दप्तरखान्याचे काही देणेघेणे उरले नव्हते. ताईंनी हात सोडिला. "माझे फोन वाजत नाहीत," ऐसे त्या म्हणाल्या, आणि ती शांतता ऐकत सर्व बसोन राहिले.

त्याच समयी तलावावर किल्लेदार छातीभर पाण्यात. फोन लॉकरात, लॉकराची किल्ली प्रशिक्षकबाईंच्या गळ्यात, कारण त्याचा स्वतःवर इतबार नव्हता. त्यास सारखी रिंग ऐकू येई. काठावर कोणाच्या शिट्टीचा आवाज जाहला तरी हात खिशाकडे जाई, आणि पोहण्याच्या चड्डीस खिसा नव्हता. निळी टोपी घालोन बेडकी काठावरून त्याच्याकडे पाहत होती. प्रथम तिने त्याचे दोन्ही हात तपासोन पाहिले, मोकळे आहेत ना, आणि मग टुणकन उडी मारिली.

तो पोटाखाली तळहात देऊन तिच्या संगती चालो लागला. ती पाय मारी, पाणी उडे, तोंड वर काढोन श्वास घेई. निम्म्या वाटेची लाल दोरी आली. प्रशिक्षकबाई काठावरून बोलिल्या, "बाबा, सोडा आता." त्याने ऐकिले आणि सोडिले नाही. मागच्या खेपेस याच हाताने तिला आधी सोडिली होती, आणि ते पाणी प्यालेले तोंड त्यास दिसत होते. दोरी मागे पडली. "सोडा," बाई पुन्हा म्हणाल्या, आता जरा मोठ्याने. त्याचा हात तेथेच.

बेडकीने तोंड वर काढिले, पाणी फुर्रकन उडविले आणि ओरडली, "बाबा, सोड ना! मी केव्हाची आपली आपणच पोहतेय!"

त्याने तळहाताकडे पाहिले. खरेच, हातावर भार नव्हताच. तो नुसताच धरोन बसला होता.

मग त्याने हात काढिला. बेडकी एकदा खाली गेली, वर आली, वाकडी जाहली, सरळ जाहली, आणि पलीकडच्या काठास तिची बोटे लागली. किल्लेदार तलावाच्या मधोमध उभा राहोन रडला. पाण्यात असल्याने कोणास कळले नाही, ऐसे त्याचे मत, सर्वांस कळले.

टॉवेल गुंडाळोन लॉकर उघडिला तो फोन शांत. एकही हाक चुकलेली नाही. तो पाहतच होता तो फोन वाजला. मालकसाहेब.

"काही पडलं नाही रे. बटणाला हातसुद्धा लावला नाही."

"बरं झालं, सर."

"पोरगी गेली का पार?"

"गेली."

"शाब्बास म्हणावं तिला. बरं, ठेव मग."

"तुम्ही ठेवा, सर."

"छे, छे. तू ठेव."

"नाही, तुम्ही आधी."

बेडकी टपटप निथळत शेजारी उभी होती. तिने बापाकडे पाहिले, फोनाकडे पाहिले, आणि आपला अंगठा पडद्यावरच्या लाल खुणेवर दाबिला. ओल्या बोटास पडद्याने दाद दिली नाही. तिने अंगठा बापाच्या टॉवेलास पुसिला आणि पुन्हा दाबिला. आवाज बंद जाहला.

येणेप्रमाणे शनिवारची मोहीम फत्ते जाहली. सायंकाळी मोजदाद करिता वीसांपैकी वीस कनेक्शने जागेवर ठेविलेली, सर्व्हर उभा, डेटाबेस शुद्धीवर, शहराच्या दाढ्या उतरलेल्या, आणि बेडकीचे नावे तलावाची एक रुंदी जमा. या कागदास शिक्का असावा ऐसे आज्ञापत्री होते, परंतु कचेरीचा शिक्का ऐनवेळी सापडला नाही. सबब खाली त्याच अंगठ्याची ओली खूण घेतली आहे. ती वाळेल आणि दिसेनाशी होईल, परंतु ज्यांणी पाहिली त्यांणी पाहिली आहे.